अण्णांच्या पोटाचं ठिगळ

डॉक्टर पोटाला ठिगळ लावणार आहेत, असं मी हणमंतअण्णांना सांगितलं. शब्द चुकला.

अण्णा चामराजपेटेतले शिंपी. घराणं कधीकाळी मराठी मुलखातून आलेलं. नव्वदीच्या सुरुवातीला मी नोकरीसाठी पुण्याहून बंगळुरात आलो, आणि शिलाई मशीनला मराठीत शिव्या देणारा माणूस दिसला म्हणून दुकानात शिरलो. तेव्हापासून माझे शर्ट आणि बायकोची ब्लाउजं तिथंच. बायको मापाला गेली की आतल्या खोलीत अण्णांच्या थोरल्या बहिणीशी, अक्कांशी, बोलत बसे. मला बाहेरचं स्टूल.

अण्णा कुणाला ‘कसं काय’ विचारत नसत. बघत.

“कंबर वाढली. म्हणजे बायको बरी आहे.”

पुढच्या खेपेला, “कॉलर मळकी. भांडण?”

दोन्ही वेळा त्यांचं बरोबर होतं.

ठिगळ हा शब्द मात्र दुकानात वर्ज्य. कुणी फाटकी पँट आणली की ते ती चिमटीत धरून परत देत. “ठिगळ लावायला मी छत्रीवाला आहे काय? नवी शिवतो, नाहीतर फाटकी घाला. फाटकी तरी खरी असते.”

अशा माणसाच्या बेंबीशेजारी हर्नियाचा लिंबाएवढा फुगवटा आला. अण्णांनी त्यावर पट्टा शिवला. कोटाचं कॅनव्हास, आतून सॅटिन, हातानं केलेली काजं. गिऱ्हाइकांना सदरा वर करून दाखवत. लिंबाचं मोसंबं झालं, तेव्हा मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर केरळचे, त्यांचं कन्नड ‘दुखतं का’पुरतं, बाकी इंग्रजी. दुभाषा मी.

आतडं त्या भोकात अडकलं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टर म्हणाले. हे मी नीट सांगितलं. नुसते टाके पुन्हा उसवतात, म्हणून पॅच लावू, असंही म्हणाले. तिथं मी ठिगळ म्हणालो.

अण्णांनी सदरा खाली ओढला.

डॉक्टरांनी घाईनं पांढऱ्या प्लॅस्टिकच्या जाळीचा तुकडा दाखवला. अण्णांनी तो उभा ताणला, आडवा ताणला. “धुतल्यावर आटतं?”

मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, पोटात गेल्यावर थोडंसं आटतं.

“मग आदल्या दिवशी बादलीत भिजत घाला म्हणावं.”

हे भाषांतर मी केलं नाही.

रस्त्यावर आल्यावर अण्णा म्हणाले, “ठिगळ लावून घेऊन मी या पेटेत फिरणार नाही. सरी, ठीक आहे, विषय संपला.”

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. “शिंप्यासमोर तुम्ही ठिगळ म्हणालात,” ती म्हणाली, आणि कणीक मळायला गेली.

रविवारी सकाळी मी नवा शब्द घेऊन गेलो. “अण्णा, ते ठिगळ नाही. अस्तर आहे.”

अण्णांनी मशीन थांबवलं. “अस्तर? असं सांगायचं की मग. अस्तराशिवाय कोट उभा राहत नाही.” थोडा विचार केला. “आणि नंतर वजन कधी उचलायचं?”

“दोनतीन महिने अजिबात नाही.”

“मग नको.”

“अण्णा, अस्तर–”

“अस्तर चांगलंच आहे. नको.”

आतून हाक आली. “हणमू, ऊन आलं रे.”

अण्णा उठले, पट्टा आवळला, आत गेले. पडदा तसाच बाजूला राहिला. खाटेवर अक्का होत्या. लहानपणीच पाय गेलेल्या, अण्णांच्या दीडपट. अण्णांनी खाली वाकून त्यांना दोन्ही हातांवर घेतलं, मागल्या अंगणातल्या खुर्चीवर ठेवलं, पदर सारखा केला. परत आले तेव्हा तळहातानं फुगवटा आत दाबत होते.

“आई गेल्यापासून मीच,” ते सुईत दोरा ओवत म्हणाले. “परक्याचा हात तिला चालत नाही.” दोरा हुकला. “म्हणजे, मी विचारलं नाही कधी.”

मला एकदम उमाळा आला. “तुम्ही जा ऑपरेशनला. अक्कांना रोज मी उचलीन.”

अंगणात सगळं ऐकू जात असावं.

“हणमू,” अक्का म्हणाल्या, “उद्याच जा दवाखान्यात.”

मग त्यांनी मान वळवून मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

“तू नको. बायकोला पाठव. तू फार तर उशी उचल.”