मिस्त्रींच्या गाडीतली खरखर

गाडीतला कुठलाही दोष मिस्त्रींना नुसत्या वासावरून कळतो, अशी त्यांची ख्याती होती. ती पसरवण्याचं काम बहुतेक मिस्त्रीच करत. चाळीस वर्षं लोकांच्या गाड्यांचं वायरिंग केलेला माणूस, थोडी मिजास असायचीच.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला त्यांच्या बायकोचं भाषण रेडिओवर लागणार होतं. इस्पितळातून नुकतीच निवृत्त झालेली ही बाई सगळ्यांची ‘सिस्टर’. रेकॉर्डिंगच्या दिवशी मिस्त्री काम आहे म्हणून गेले नव्हते. ती रागावली नाही, हेच त्यांना जास्त लागलं होतं. आज बहिणीकडे जाताना ती दारात एवढंच म्हणाली, “आज तरी ऐका. संपल्यावर फोन करते.”

घरी रेडिओ होता. पण आवाज आणखी खुलावा म्हणून मिस्त्रींनी तो आदल्या दिवशी उघडला, आणि आता तो जेवणाच्या टेबलावर एकोणीस तुकड्यांत पसरला होता. म्हणून ते गाडीत जाऊन बसले. फोन ऐन वेळी मान टाकू नये म्हणून चार्जरला लावला आणि रेडिओ सुरू केला. आत कुणीतरी वाळू चाळत होतं.

दोष गाडीवरच्या शेडच्या पत्र्याचा, हे मिस्त्रींनी तत्काळ ओळखलं आणि गाडी बाहेर काढली. वाळू चाळणं चालूच. मग डोक्यावरच्या विजेच्या तारा नडत असणार म्हणून गाडी मैदानाच्या टोकाला नेली. फिरायला आलेल्या शेजारच्या मास्तरांनी रेडिओ बिघडलाय का म्हणून विचारलं, तर रेडिओ ठणठणीत आहे, हवा खराब आहे, असं उत्तर मिळालं. एरियलच्या बुडाशी गंज होता. तो घासून काढला, तरी खरखर तसूभर हलली नाही.

साडेदहा झाले. खरखरीच्या आडून बायकोचा आवाज येऊ लागला, पण एकही शब्द कळेना. इतकी वर्षं ती इस्पितळातलं सांगायची आणि मिस्त्री वर्तमानपत्रामागून ‘हं’ म्हणायचे. आज कानांत प्राण आणून बसले, तर ही तऱ्हा. घाईघाईने त्यांनी डॅशबोर्ड उघडला. आत अंधार होता, म्हणून त्याच सॉकेटात हातदिवा लावायला चार्जर उपटला.

खरखर थांबली.

“...धन्यवाद,” सिस्टर स्वच्छ आवाजात म्हणाल्या. मग कोंबड्यांच्या आजारांवरचा कार्यक्रम सुरू झाला.

फोन वाजला. कसं झालं, तिने विचारलं. ‘फार छान’ म्हणायचं मिस्त्रींनी ठरवलं होतं, पण जीभ वळेना.

“अगं, शेवटचं धन्यवाद तेवढं ऐकलं. चार्जर काढला तेव्हा कुठे आवाज आला.”

“दोन महिन्यांपूर्वी मी तेच सांगत होते,” ती म्हणाली. “तो रस्त्यावर घेतलेला स्वस्तातला चार्जर लावला की रेडिओ खरखरतो. तुम्ही म्हणालात, तुला काय कळतं त्यातलं.”

चुकलं माझं, असं मिस्त्री म्हणाले. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच.

“असू दे. रविवारी पुन्हा लावणार आहेत. इकडे बहिणीकडेच या, शेजारी बसून ऐका.”

तोवर घरचा रेडिओ जोडून ठेवतो, असं मिस्त्री उत्साहाने म्हणाले.

“कशालाही हात लावू नका,” ती वॉर्डातल्या आवाजात म्हणाली.

या वेळी मिस्त्रींनी ऐकलं. तसेही डॅशबोर्डचे तीन स्क्रू गवतात पडले होते, आणि वासावरून ते सापडत नव्हते.