दर रविवारी वेगळा सोफा

थोरली त्या रविवारी टेकडीवरच्या बंगल्यात गेली ती फक्त रेंजसाठी. खोटं बोलायचा तिचा अजिबात विचार नव्हता.

गावात फोनला रेंज नव्हती. पाण्याच्या टाकीच्या शेवटच्या पायरीवर उभं राहिलं तर एखादी दांडी दिसे, आणि 'हॅलो' म्हणेपर्यंत तीही जाई. टेकडीवर मात्र शहरातल्या एका साहेबांनी बंगला बांधला होता. साहेब वर्षातून चार दिवस येत. उरलेले तीनशे एकसष्ट दिवस तिथल्या रिकाम्या खोल्यांना चोवीस तास वीज, नळाला पाणी आणि गच्चीवर बसवलेल्या यंत्रामुळे पूर्ण रेंज असे. खाली गावात माणसं होती, बाकी काही नव्हतं.

थोरलीचा नवरा त्या बंगल्याचा राखणदार. किल्ली त्याच्याकडे असे.

"आत जा, बोल, बाहेर ये," त्याने बजावलं. "कशावर बसायचं नाही. आधीच्या राखणदाराची नोकरी बसण्यानंच गेली. साहेबांना गादीला पडलेला खळगा दिसला."

थोरली स्वतः दूध केंद्रावर दूध तपासायची. कुणी किती पाणी घातलंय हे ती आधी आणणाऱ्याच्या चालीवरून ओळखायची, यंत्र नंतर लावायची. शब्दाला पक्की म्हणून गावात तिचं नाव होतं. पण धाकट्या बहिणीचं नाव निघालं की तिचं मनातल्या मनात मोजमाप सुरू व्हायचं. धाकटी सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन शहरात गेली होती आणि तेव्हापासून दर फोनला तिची लिफ्ट असे, चोवीस तासांचा नळ असे, दहा मिनिटांवरचा दवाखाना असे. थोरलीचा दवाखाना दीड तासावर होता, तोही बस आली तर.

त्या दिवशी दोघी पहिल्यांदाच फोनच्या पडद्यावर एकमेकींना बघत बोलत होत्या.

"ताई, हा जिना कुणाचा गं?" धाकटीने विचारलं.

थोरली खरं सांगणारच होती. पण धाकटीच्या मागे एक सोफा होता. हिरवा, मखमली, पाच माणसं पाय पसरून बसतील एवढा.

"आमचाच," थोरली म्हणाली. "घर बांधलं आत्ताच. तुला सांगायचं राहिलं."

पलीकडून काही आवाज आला नाही. रेंज तर पूर्ण होती. सहा वर्षांत धाकटी पहिल्यांदा गप्प बसली होती. थोरलीला त्या शांततेची चव लागली, आणि ती चव सुटण्यासारखी नव्हती.

पुढच्या रविवारी धाकटीच्या मागे तपकिरी सोफा होता.

"हिरवा कुठे गेला?"

"तो आतल्या खोलीत. हा रोजच्या वापरातला."

त्याच्या पुढच्या रविवारी पांढरा. शेजारी उंच दांड्याचा दिवा, आणि दिव्याला दोऱ्याने लोंबणारं एक छोटं कार्ड.

"ते काय लटकलंय?"

"फॅशन आहे ताई. तुमच्याकडे पोचली नसेल अजून."

थोरली टेकडी उतरली ती पाय आपटतच. "घरात माणसं दोन आणि सोफे तीन," ती नवऱ्याला म्हणाली.

"असू देत. हेवा करून काय मिळणार आहे?"

"मी हेवा करत नाहीये. मी मोजतेय."

मग तिनेही बंगला खोलीखोलीने बाहेर काढला. एका रविवारी स्वयंपाकघर, दुसऱ्या रविवारी गच्ची, तिसऱ्या रविवारी न्हाणीघरातला पांढराशुभ्र टब.

"हे काय आहे?" धाकटीने विचारलं.

"अंघोळीचा टब. तुमच्याकडे नाही?"

"आहे की. दुरुस्तीला दिलाय."

टब दुरुस्तीला कसा न्यायचा हा प्रश्न थोरलीला पडायला हवा होता. पण तिच्यामागे भिंतभर आरसा होता आणि आरशात तिचे केंद्रावरचे रबरी बूट दिसत होते, चिखलासकट. वरून चांगले कपडे घालताना खालचं तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

"ताई, घरात बूट?"

"फरशी गार लागते गं. एवढी महागातली घेतली, आता भोगतोय."

तेवढ्यात उघड्या दारातून नवऱ्याची कोंबडी आत आली आणि टबाच्या काठावर चढून बसली.

"आणि ही?"

"ती फिरते मोकळी. जागा आहे, फिरू दे. तुमच्याकडे मांजरसुद्धा अंग चोरून बसत असेल."

या वाक्यावर धाकटीने घाईने फोन ठेवला. थोरली खुशीत किल्ली द्यायला गेली, तर नवरा चेहरा पाडून बसला होता.

"साहेबांचा निरोप आलाय. येत्या रविवारी येतायत. दिवाणखान्यासाठी नवा सोफा घेतलाय, तो उतरवून घ्यायचाय. वर काही खुणा राहिल्यात का तुझ्या?"

"नाही."

"कोंबडीच्या?"

थोरलीने शनिवारचा पूर्ण दिवस बंगला घासला. चिखल निघाला. टबाच्या काठावरचे तीन ओरखडे मात्र निघेनात. नवऱ्याची नोकरी त्या तीन रेघांवर टांगली होती, कारण दुसरी नोकरी मिळेल असं जवळात जवळचं ठिकाण धाकटीचं शहर होतं. धाकटीच्या दारात नोकरी मागायला जायचं, या विचाराने थोरलीने आणखी एक तास घासलं. मग रविवारचं बोलणं रद्द करायला तिने वरूनच फोन लावला.

"ताई, मीच सांगणार होते," धाकटी म्हणाली. "उद्या जमणार नाही. आम्हाला शहराबाहेर एका मोठ्या घरी जायचंय. बोलावणंच आहे तसं." तिने त्या वसाहतीचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. थोरलीने ते कधी ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं नव्हतं म्हणूनच ते जास्त झोंबलं.

रविवारी साहेब आले. फोन कानाला लावूनच गाडीतून उतरले. पाठोपाठ मागच्या बाजूने, प्लॉट विकणाऱ्यांनी महामार्गापासून केलेल्या नव्या रस्त्याने एक टेम्पो चढून आला. त्या रस्त्याच्या तोंडाशी वसाहतीच्या त्याच लांबलचक इंग्रजी नावाची पाटी होती. गावातलं कुणी त्या बाजूने येत-जात नसल्यामुळे आपल्या टेकडीचं बारसं झालंय हे गावाला माहीत नव्हतं.

टेम्पोच्या मागच्या बाजूने दोन माणसं हिरवा सोफा उतरवू लागली. पुढचं दार उघडून एक बाई उतरली. अंगात फर्निचरच्या दुकानाचा निळा कोट, हातात फडकं.

थोरली पाण्याचा ट्रे घेऊन, बोटात बंगल्याची किल्ली अडकवून दारात उभी होती.

धाकटीने आधी ताईकडे पाहिलं, मग तिच्यामागच्या जिन्याकडे. जिना तिने दोनदा मोजून ठेवला होता. अठरा पायऱ्या.

"अहो बाई, यांना पाणी द्या," साहेब थोरलीला म्हणाले. मग धाकटीकडे वळले. "आणि तुम्ही, वरचं प्लॅस्टिक नीट काढा. दुकानात रोज पुसता तसं पुसून घ्या." दोघी तशाच उभ्या राहिलेल्या पाहून त्यांनी फोन कानापासून जरा लांब धरला. "ओळखता की काय एकमेकींना?"

धाकटीने एक शब्द काढला असता तर पुरे होतं. 'हे घर तर ताईचं ना?' एवढंच. थोरली तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. आपण दुधातलं पाणी ओळखतो आणि एवढी भेसळ सहा रविवार आपल्याला कळली नाही, असं तिला वाटलं. मग आपल्याच भांड्यातलं पाणी आठवलं आणि तिने मान खाली घातली.

"दुकानात पाहिलं असेल यांनी मला," धाकटी म्हणाली. "तिथे खूप लोक येतात."

साहेब बोलत बोलत वर गेले आणि लगेच वरून आवाज आला. "राखणदार, टबाला रेघा कसल्या?"

"माकडं येतात साहेब," नवरा म्हणाला. "खिडकीला जाळी लावा म्हणून मागेच बोललो होतो."

"मग लावून घे की. विचारतोस काय?"

खाली दिवाणखान्यात सोफा मांडून झाला होता. दोघी बहिणी त्याच्या दोन टोकांना उभ्या होत्या.

"तुझाच ना गं हा?" थोरलीने हळूच विचारलं.

"माझाच. आणि घर तुझंच ना?"

"आमचंच."

"बरा दिसतो इथे."

"बसतेस?" थोरली म्हणाली. "प्लॅस्टिक आहे तोवर खळगा पडत नाही."

"मी कधी बसलेच नाही यावर. बसू देत नाहीत."

"आम्हालाही नाही."

दोघी बसल्या. प्लॅस्टिक कर्रकन वाजलं तशी दोघींनी जिन्याकडे पाहिलं, पण वरचं बोलणं चालूच होतं.

"म्हणजे रविवारी दुपारी तू..."

"जेवणाची सुट्टी असते अर्धा तास. तेव्हा दुकानात कुणी नसतं."

"अर्धा तास सुट्टी," थोरली म्हणाली. "पगारी?"

"पगारी."

केंद्रावर थोरली उभ्याउभ्याच जेवायची.

धाकटीने तिच्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं. "ताई, ही किल्ली तुमच्याकडेच असते? कायम?"

"असते."

"आम्हाला सहा वर्षांत दुकानाची किल्ली कुणी हातातसुद्धा दिली नाही."

जिन्यावर साहेबांची पावलं वाजली तशा दोघी उठल्या. धाकटी खाली वाकून प्लॅस्टिक सोडवू लागली. थोरलीने ट्रे उचलला. पण त्याआधी तिने किल्ली कमरेला खोचली, जरा बाहेर, धाकटीला दिसेल अशी.