डोमाजींची लाल झेंडी

सौंदड स्टेशनवरचे सांधेवाले डोमाजी सात्या रांधायला बसले, की काखेत लाल झेंडी धरत. कोणी तोंड उघडलं रे उघडलं, की झेंडी वर! तपासणीला आलेला गोरा साहेबसुद्धा एकदा त्यांच्या दारात निमूट उभा राहिला होता.

सात्या म्हणजे श्रावणात वारुळावर उगवणाऱ्या पांढऱ्या छत्र्या, रानातली अळंबीच. बोट जोरात लागलं तरी मोडतात. बाजारात पळसाच्या पानांवर त्या मांडलेल्या असत आणि डोमाजी एकेक उचलून हुंगत. "कोन्या वारुळाच्या व?" असं प्रत्येक विकणारीला विचारत. आता आमच्याकडे आपलं वारूळ कोणी सख्ख्या भावालाही सांगत नाही. बाया तोंडाला पदर लावून हसत. मी शाळामास्तर, त्यांचा शेजारी. पिशवी धरून उभा राहताना मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

घरी विळीला मज्जाव. सात्या बोटांनीच फाडायच्या. जवसाचं तेल, कांदा, तिखट, मीठ, बस्स. पहिला घास डोळे मिटून खायचे आणि मान हलवायचे. "हे तं नोहे जी!" की गाडगं माझ्या घरी. माझी चंगळ होत होती, मी कशाला तक्रार करतो!

एकदा मात्र राहवलं नाही. "अहो, काय नव्हे?"

"गिरजीच्या वारुळाचं नोहे."

गिरजाबाई, त्यांची बायको, जाऊन तीन वर्षं झाली होती. दर श्रावणात ती रानातल्या एकाच वारुळाच्या सात्या आणायची. ते कुठं आहे, हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मला माझ्या चंगळीची लाज वाटली.

यंदा बाजारातल्या झिंगाबाईकडून घेतलेल्या सात्यांचा घास तोंडात गेला आणि डोमाजींची मान हललीच नाही. गाडगं घेऊन, झेंडी काखेत तशीच, तडक बाजारात निघाले. मी मागोमाग.

झिंगाबाई गिरजाबाईला बहीण मानायची, म्हणून डोमाजी तिचे भाटवा, बहिणीचा नवरा. तिनं गाडग्याकडं पाहिलं. "होय भाटवा, तेच वारूळ. गिरजाबाई गेल्यापासून यंदाच त्याच्यावर सात्या फुटल्या. मले एकलीलेच दाखवलं होतं तिनं. तुले सांगू नको म्हने, तू साऱ्या टेसनाले सांगशील."

डोमाजी खो खो हसले. हसता हसता डोळे पुसू लागले.

"पण आहे कुठं ते?" मी विचारलं.

झिंगाबाईनं हात रानाकडं उचलला, तोच लाल झेंडी वर गेली.

"नोको सांगू," डोमाजी म्हणाले. "तिनं नाही सांगितलं जी मले."