दोन काठांची ओळख

दामोदर ओव्हाळ यांनी एकदा माझी ओळख माझ्याच मेहुण्याशी करून दिली. आम्ही चाळीस वर्षांचे नातेवाईक आहोत, असे मी सांगितले. "असाल," ते म्हणाले, "पण एकमेकांचा नंबर पाठ आहे का?" नव्हता. त्यांनी तो आम्हा दोघांकडून तोंडी म्हणवून घेतला.

ओव्हाळ धायरीत आमच्या सोसायटीत, माझ्या समोरच्या घरात राहतात. विधुर आहेत, मुलगी परदेशी असते. टेलिफोन खात्यात ते ऑपरेटर होते. दोन अनोळखी माणसांना जोडून देण्याचा पगार त्यांनी आयुष्यभर घेतला. निवृत्तीनंतर हे काम ते फुकट करतात. लिफ्टमध्ये दोघे मुकाट उभे असले, की यांना चैन पडत नाही. "आपली ओळख आहे ना?" लोक जिन्याने जाऊ लागले. जिन्यावरही ते भेटतात.

या खोडीला गंभीर वळण लागले ते सुमनबाईंमुळे. त्या ओव्हाळांकडे स्वयंपाकाला होत्या. गेल्या पावसाळ्यात भरदुपारी आमच्या रस्त्यावरील ओढ्याचे पाणी पुलावरून वाहू लागले आणि त्या वाहत जाऊन एका बाभळीला अडकल्या. जवळच विजेची तार तुटून पाण्यात पडली होती. अलीकडच्या काठावर महापालिकेचे अग्निशामक दोर घेऊन उभे होते. विजेचा प्रवाह बंद झाल्याखेरीज पाण्यात उतरायचे नाही, हा त्यांचा नियम. तो योग्यच आहे. पलीकडे वीज कंपनीचा माणूस उभा होता. वरून निरोप आल्याखेरीज बटणाला हात लावायचा नाही, हा त्याचा नियम. तोही योग्यच असावा. अलीकडचा निरोप वर गेला, तेथून आणखी वर गेला, दुसऱ्या जिन्याने खाली उतरू लागला. पोलिसांना कोणी कळवलेच नव्हते, त्यामुळे मोटारी येतच होत्या. दोन्ही काठांवरची माणसे एकमेकांना स्पष्ट दिसत होती. वीज बंद झाली तेव्हा बाभूळ जागेवर होती. सुमनबाई नव्हत्या.

चौकशी झाली. दोष कोणाचाच निघाला नाही.

ओव्हाळ अग्निशमन केंद्रात गेले, वीज कंपनीत गेले, पोलीस चौकीत गेले आणि प्रत्येक ठिकाणी, बाकीचे दोघे रविवारी आपल्याकडे चहाला येत आहेत, अशी थाप मारून आले. त्यामुळे तिघेही आले. अग्निशमन केंद्राचे तांडेल, म्हणजे जवानांच्या तुकडीचे प्रमुख, वीज कंपनीचा तरुण अभियंता आणि चौकीचे हवालदार. मला 'नागरिक' म्हणून बसवले होते.

पोहे खारट होते. तिघे बंद टीव्हीकडे पाहत बसले. ओव्हाळ तांडेलांना म्हणाले, "यांना फोन लावा."

"अहो काका, ते समोरच बसलेत."

"समोर बसून लागत नसेल तर पाण्यात उभं राहून कसा लागेल?"

फोन अभियंत्याच्या खिशात वाजला. "उचला," ओव्हाळ म्हणाले.

"हॅलो."

"बोलतोय."

"काय बोलू आता?" तांडेलांनी विचारले.

"वीज बंद करा म्हणा."

"वीज बंद करा."

"करतो. वर मी कळवतो," अभियंता म्हणाला.

"आता हवालदारांना. पूल बंद करा म्हणा."

"काका," हवालदार म्हणाले, "भरतीच्या वक्तालाबी एवढी परेड नव्हती."

"पोहे घ्या," ओव्हाळ म्हणाले.

पावसाळा येईपर्यंत दर रविवारी हेच चालले. सोसायटीत थट्टा झाली. मीही विचारले, "काय हो, पुढच्या रविवारी कलेक्टर?" "त्यांना खारट चालत नाही," ओव्हाळ शांतपणे म्हणाले.

यंदा ओढा पुन्हा पुलावर चढला. मध्यभागी एक रिक्षा बंद पडली. आत एक बाई आणि तिची सासू. मी खिडकीतून पाहत होतो. हवालदारांनी तिच्यामागे पुलाला लगेच साखळी लावली होती. तांडेलांनी थेट एकच फोन केला. अख्ख्या रस्त्याची वीज गेली आणि जवान पाण्यात उतरले. सासू आधी बाहेर आली, मग सून, मग रिक्षावाला. ओव्हाळ गर्दीच्या मागे, भिंतीला टेकून उभे होते. पुढे गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिन्ही खात्यांनी आपापले अभिनंदन करून घेतले. त्यात इतर दोघांचा उल्लेख नव्हता.

हवालदार मात्र घरी आले. "काका, आता आमच्या तिघांचा फोनवर ग्रुप झालाय. सायबांची मंजुरी हाय. दुसरा माणूस बदलून आला तरी नंबर ऱ्हाणार." मग टोपी नीट करत म्हणाले, "तुमाला घेता येत नाय. खाजगी व्यक्ती."

"बरोबर आहे," ओव्हाळ म्हणाले. "खाजगी माणूस कशाला?"

पुढल्या रविवारी त्यांचे दार उघडे दिसले म्हणून मी गेलो. खुर्च्या मांडलेल्या होत्या. कोणी आले नव्हते. सगळ्यांच्या वाटचे पोहे आम्ही दोघे खात बसलो.

"आले नाहीत हे चांगलं लक्षण," ते म्हणाले. "परस्पर बोलत असतील."

"असतील," मी म्हणालो.

बराच वेळ ते बशीतले शेंगदाणे एका बाजूला करत राहिले. मग बशीकडेच पाहत म्हणाले, "पुढच्या रविवारी आपण याल का? काम काही नाही."

"येईन," मी म्हणालो.