उसनं रिव्हॉल्व्हर

हरीशरावांनी साताऱ्याच्या दफ्तरखान्यात चौतीस वर्षं मोडी कागद वाचले होते. निवृत्तीनंतर ते आयर्लंडमधल्या लिमरिकला लेकीकडे, चित्राकडे आले, तेव्हा इथे मोडीला कोण विचारतंय, असं त्यांना वाटलं होतं. विचारलं ते शेजारच्या डोनल म्हाताऱ्याने.

डोनलकडे आजोबांचं जुनं रिव्हॉल्व्हर होतं. दर बारला घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागे, तसलं. अमेरिकेत बनलेलं, लंडनमध्ये विकलं गेलेलं, आणि हिंदुस्थानातून आजोबांबरोबर आयर्लंडला आलेलं. आता ते कायमचं निकामी केलेलं होतं, तसा रीतसर दाखलाही होता. एका अमेरिकन संग्राहकाला ते मायदेशी परत न्यायचं होतं, पण त्याला रिव्हॉल्व्हरची सगळी हकिकत लेखी हवी होती.

"एका राजाने खूश होऊन आजोबांना दिलं," डोनल म्हणाला. फोटोसाठी त्याने मुठीची लाकडी पट्टी काढली, तर खाली मोडी अक्षरं कोरलेली. "हे राजाचे आभार असणार. वाचता?"

हरीशरावांनी वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"काय आहे बाबा?" चित्राने विचारलं.

"दौलतराव यांचे. साहेबांस शिकारीपुरते उसने. परत घेणे."

चित्रा हळूच म्हणाली, "सप्रेम भेट म्हणून सांगते. त्यांना बरं वाटेल, विषय ग्रँड संपेल." सगळं छान म्हणायला इथलं 'ग्रँड' तिच्या तोंडी बसलं होतं.

"लिहिलंय तेच सांग."

तिने सांगितलं. डोनलने पट्टी बसवली, कोट चढवला आणि दाखल्यासकट रिव्हॉल्व्हर घेऊन थेट पोलीस ठाणं गाठलं. साक्षीदार म्हणून हरीशराव, दुभाषी म्हणून चित्रा.

"दुसऱ्याची वस्तू आहे," डोनलने जाहीर केलं. "आमच्या घराण्याने परत केली नाही."

तरुण गार्डाने, म्हणजे इथल्या पोलिसाने, वही उघडली. "मालकाचं पूर्ण नाव?"

"दौलतराव," हरीशराव म्हणाले.

"आडनाव? गाव?"

"लिहिलेलं नाही."

"त्यांनी तक्रार केली होती?"

"ते जाऊन शंभर वर्षं झाली असतील."

गार्डाने पेन खाली ठेवलं. वरिष्ठांना विचारून आला. रिव्हॉल्व्हर डोनलनेच सांभाळावं, वारस आला तर कळवू, असं ठरलं. त्या संध्याकाळी डोनलने अमेरिकेला ईमेलने कळवलं, की खरी हकिकत ही अशी आहे, म्हणून वस्तू विकता येत नाही. लगेच उत्तर आलं: इतकी प्रामाणिक हकिकत आजवर कुणी दिली नव्हती, आता तर हवंच. डोनलने ठाम नकार दिला.

"माझ्यामुळे म्हाताऱ्याचा सौदा मोडला," हरीशराव जेवताना म्हणाले.

सकाळी दार वाजलं. डोनल उभा होता, रात्रभर शांत झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्याने. मागे बागेतली एकचाकी गाडी. तीत पितळेची समई, दोन तांबे, पानाचा डबा, एक घंगाळ.

"हेही आजोबांनीच आणलेलं," तो म्हणाला. "सगळ्यांवर काही ना काही कोरलंय. एकदाच काय ते कळू दे."

हरीशरावांनी दारातूनच घंगाळाच्या काठाकडे पाहिलं. अक्षरं ठसठशीत होती: 'परत घेणे.'

"चित्रा," ते गंभीरपणे म्हणाले, "त्यांना सांग, सप्रेम भेट."