माजघरातली मुंबई

जांभ्याचं ऐसपैस घर असलेला माणूस त्या घराच्या आत प्लायवूड ठोकून मुंबईचं दोन खोल्यांचं खुराडं उभं करील का? आमच्या दत्तारामकाकांनी केलं. रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत, भरदिवसा, सगळ्यांच्या देखत.

काका आमचे शेजारी. म्हणजे घर शेजारी, माणूस मुंबईत. गोदीत फिटर होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली आणि ती सातही वर्षं त्यांनी 'गावी यावं की नको' या एका प्रश्नावर घालवली. मी बंद घरांसाठी पत्रकं वाटते: 'कुलपं काढा, घरं जागी करा.' होळी-गणपतीला वाडीत माणसं, उरलेलं वर्ष कुलपं. ज्यांना मुंबईत पाय पसरायला जागा नाही, तेच लोक इथली घरं वाळवीला आंदण देतात. याचा मला संताप येतो आणि तो मी लपवत नाही.

काकांचा तर जास्तच येई. दर खेपेला खिशात मोजपट्टी आणि तोंडी एकच वाक्य: "मोजल्याबिगर बोलू नये." एसटीच्या थांब्यापासून घर किती पावलं, ते मोजलं. विहिरीचा कठडा मोजला. न्हाणीची पायरी मोजली. मान हलवली आणि पुन्हा मुंबई.

"काका, तुम्ही राहायला येणार आहात की गावाला सदरा शिवणार आहात?" मी एकदा विचारलं.

"बाय, तू पत्रकं वाट. पत्रकाला दार-खिडकी लागत न्हाय."

यंदा त्यांची मुंबईची इमारतच पाडायला निघाली. नवी होईपर्यंत भाड्यानं राहा, असं बिल्डर म्हणाला, आणि तिथली भाडी काकांच्या पेन्शनीत बसेनात. आता तरी शहाणे होतील, असं मला वाटलं. काका आले ते थेट भिकाजी सुताराला घेऊन, आणि माजघराचे तुकडे पाडायला लागले.

"एवढा वारा येतोय, तो अडवताय कशाला?" भिकाजी म्हणाला.

"दार दोन बोटं डावीकडं गेलंय. काढ."

"दोन बोटांनी कोण मरतंय?"

"काढ, मेल्या."

तीनदा काढलं. ओटा मुंबईएवढाच बुटका. मोरी त्याच कोपऱ्यात. दाराची कडीसुद्धा मुंबईहून उपटून आणलेली. शेवटी काकांनी उंबरा तासून जमिनीला मिळवायला सांगितला, तेव्हा भिकाजीनं पटाशी खाली ठेवली.

"उंबरा काढायचा? मग लक्ष्मी घरात यायची कशी?"

"सपाटीवरनं येईल. तिला बरं पडेल."

अख्खी वाडी हसली. मला हसू आलं नाही. सुमनकाकी, म्हणजे काकांची बायको, सलग दोन गणपतींना आल्या नव्हत्या. मुंबईवालीला गाव सोसत नाही, असं लोक म्हणत. मीही म्हणत होते. त्या दिवशी ओटीवर चारचौघांत काकांच्या तोंडावर बोलले. "काकींना मुंबई सोडवत नाही म्हणून मुंबई इथं आणताय. मग तिकडंच राहा की. बाहेर एवढी जागा टाकून आत खोका बांधायचा, ही गावाची थट्टा आहे."

काका मोजपट्टी गुंडाळत बसले.

आठवड्यानं काकींची रिक्षा आली. नाक मुरडतात कसं ते बघायला मी मुद्दाम गेले. काकी दारात चपला काढून थांबल्या. काका हातभर लांब उभे. त्यांनी आधार दिला नाही, नुसतं म्हणाले, "आपलंच दार."

काकींचा हात नेमका कडीवर गेला. त्या आत शिरल्या, सात पावलं चालल्या, डावीकडं वळल्या. न चाचपडता फळीवरून काड्यांची पेटी घेतली, गॅस पेटवला, आधण ठेवलं. हे सगळं करताना नजर मात्र समोरच्या भिंतीवर होती, एकाच जागी.

काका मला ओटीवर घेऊन आले. "दोन वर्षं झाली. साखरेनं नेली नजर. तिकडच्या खोलीत एकटी फिरायची, स्वैपाक करायची. कुणी हात धरला की चिडते. दुसऱ्या भाड्याच्या खोलीत नेली असती, तर खाटेवरच बसली असती. वाडीत बोलू नको, बाय."

माझं तर आधीच चारचौघांत बोलून झालं होतं.

आत काकींनी भिंतीवर बोटांनी टकटक केलं. "अहो, हे लाकूड आहे. आपली भिंत गार लागायची."

काका घाईघाईनं आत गेले. कान धरलेल्या पोरासारखे उभे राहिले.

"पलीकडं काय आहे?"

"माजघर. उरलेलं."

"किती उरलंय?"

"पुष्कळ."

काकींनी पुन्हा एकदा टकटक केलं, कान लावला.

"मग ही काढा. पण एकच. ती जागा पाठ झाली की मग पुढची." चहा गाळताना त्या थोड्या थांबल्या. "आणि ओटीवर कोण उभी आहे मघापासून? तिला म्हणावं, आत ये. तीन कप ओतलेत."