ज्याच्या हातात पोर, तो मुका

अमेओनेचा तान्हा मोक्सोइस पुन्हा रडायला लागला, तशी तिची आई कातडं मऊ करायला त्याला जनावराच्या मेंदूचा लगदा चोळता चोळता, मागे वळूनही न बघता म्हणाली, "आज त्याला पाळणाफळीत बांध आणि टांग झुडपाला. रडून रडून गप्प होईल. तुलाही असंच टांगलं होतं."

"म्हणून तर मी अशी झाले," अमेओने पुटपुटली.

शायेन लोकांच्या तळावर रडकी पोरं अशीच वळणावर आणत. पण अमेओनेला झुडूप म्हटलं की मुंग्या, लांडगे, ऊन सगळं एकदमच दिसे. आणि तिची एकमेव आशा, पोराबाळांच्या औषधांची जाणती, परक्या किओवा जमातीची म्हातारी, घोड्यावर सामान लादून निरोपाला तंबूच्या दारात येऊन टेकली होती. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. त्याचं काही नाही, माळावर सगळेच परक्यांशी हातांच्या खुणांनी बोलत. अडचण एवढीच, की हात मोकळे लागत.

अमेओनेने पोर कडेवर ठेवून एका हाताने सांगून पाहिलं. म्हातारीने असा चेहरा केला, जणू कुणी तोंडात घास ठेवून बोलतंय. शेवटी अमेओनेने पोर तिच्या मांडीवर दिलं आणि दोन्ही हातांनी सगळं मांडलं: झोपत नाही, दात येताहेत, ताप नाही, पण येईल का? म्हातारीला उत्तर द्यायचं होतं, पण आता तिचेच हात अडकलेले. तिने पोर परत केलं. 'नदीकाठचं मूळ,' तिचे हात म्हणाले, 'उकळ...'

किती उकळायचं? अमेओनेला राहवेना. समोरच्याचे हात खाली येईपर्यंत थांबायचं, हे लहान पोरांनाही ठाऊक असतं. पण तिने मोक्सोइसला पुन्हा म्हातारीकडे ढकललं.

मग साल काढायची का? पोर तिकडे. गार करून की कोमट? पोर पुन्हा तिकडे. दर वेळी म्हातारी 'मूळ'पासून सुरुवात करी आणि दर वेळी 'उकळ'पाशी तिच्या कुशीत पोर येऊन पडे.

तंबूमागे नवरा होतोआ मोकळ्या हातांनी उभा होता. पण सासू पुढे बसलेली, आणि जावयाने सासूच्या नजरेस पडायचं नाही, अशी रीत. त्याने डोक्यावरून कांबळं ओढून घेतलं होतं.

"मी घेऊ का त्याला?" त्याने विचारलं.

"ये की."

"कसा येऊ?"

"मग विचारतोस कशाला?"

"तुझी आई घेईल की," तो हळूच म्हणाला.

"माझे हात लगद्यात आहेत म्हणावं," सासूने भलतीकडेच बघत कातड्याला सांगितलं.

एवढ्यात अमेओनेच्या लक्षात आलं, की रडणं ऐकू येत नाहीये. इकडून तिकडे झुलून झुलून मोक्सोइस म्हातारीच्या मांडीवर गाढ झोपला होता. म्हातारीने अलगद हात सोडवले आणि पहिल्यांदाच वाक्य पुरं केलं. मूळ. उकळ. तू पी. तू झोप.

मी झोपले तर याला घेणार कोण, हे विचारायला अमेओनेने हात उचलले, तोच म्हातारीने पोर त्यांत ठेवलं आणि घोड्यावर बसून निघूनही गेली.

"काय म्हणाली गं?" पाठमोऱ्या आईने विचारलं.

अमेओनेने पोराने अडकलेल्या आपल्या हातांकडे पाहिलं.

"म्हणाली, पोराला आजीने घ्यायचं."

आईने लगदा खाली ठेवला आणि कुरकुरत हात धुवायला घेतले. "या किओवांचं औषध म्हणजे नुसता दुसऱ्याच्या जिवाला ताप."